शेवटच्या गाडीचा मेळ

आमच्या गावात दिवसाची शेवटची एसटी म्हणजे मुक्कामी गाडी. वर्धेहून संध्याकाळी सहाला सुटते, सव्वासातच्या सुमारास पारासमोर येऊन थांबते, रात्रभर तिथेच राहते आणि पहाटे दूधवाल्यांना, कॉलेजच्या पोरींना घेऊन परत निघते. पुण्याहून विमानाने घरी यायचं तर कोणतं विमान घ्यायचं, हे या गाडीवरून ठरवावं लागतं. ही गोष्ट मला आमच्या मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी समजावली. त्याआधी एक रात्र नागपुरात फार वाईट गेली, तिथूनच सांगते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यात, हमरस्त्यावरच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत. नागपूरच्या विमानतळापासून मोजलं तर शंभरेक किलोमीटर भरतं. धाकटे दीर पुण्याला नोकरीला आहेत. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याकडे महाराष्ट्र एक्सप्रेसनेच जायचो. कोल्हापूर ते गोंदिया अशी ती गाडी, वर्धेला थांबते, सामान कितीही न्या, कोणी विचारत नाही. पण रात्र आणि वर अर्धा दिवस गाडीत जातो. मामाजी आता ७६ वर्षांचे आहेत. मणक्याचं दुखणं सुरू झाल्यापासून त्यांना चार तासांच्या वर एका जागी बसवत नाही आणि हलत्या बर्थवर झोपवत नाही. लग्नसराईत खालचा बर्थ मिळेलच असंही नसतं. मागच्या डिसेंबरात दीरांच्या बाळाचं बारसं निघालं. मामाजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी, असे तिघं जायचं ठरलं. कापूस वेचणीचे दिवस, म्हणून हे घरीच थांबले. जाताना कसंबसं रेल्वेने गेलो. मामाजींची अवस्था पाहून दीरांनी परतीचं तिकीट स्वतःच काढून टाकलं.

“वहिनी, सव्वा तासात नागपूर. बाबांना बसल्याचं कळणारही नाही.”

रात्री सव्वाआठला उतरणारं विमान होतं, कारण ते स्वस्त होतं. मीही काही बोलले नाही. नागपूर आलं म्हणजे घर आलंच, असं माझ्या मनात होतं. माहेरची माणसं मुंबईहून नागपूरला यायची तेव्हा आम्ही असंच म्हणायचो.

विमान तासभर उशिरा उतरलं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली होती, ती आली. ढकलणारा मुलगा फार मायेचा होता, “बाबा, पाय वर घ्या” म्हणत हळूहळू बाहेर घेऊन आला. बॅगा येईपर्यंत पावणेदहा झाले. पण व्हीलचेअर टर्मिनलच्या दारापर्यंतच असते. दाराबाहेर त्याने मामाजींना हात धरून उठवलं, बाकड्यावर बसवलं आणि खुर्ची घेऊन तो परत आत गेला. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की इथून पुढे घरापर्यंत सगळं आपल्यालाच जुळवायचं आहे, आणि मी काहीच जुळवून ठेवलेलं नाही.

मोबाइलवर गाडी बोलावली. गावाचं नाव टाकलं. दोन मिनिटांत गाडी मिळाली, लगेच ड्रायव्हरचा फोन, “मॅडम, ड्रॉप किधर है?” देवळीच्या पुढे म्हटल्याबरोबर फोन कट आणि गाडी रद्द. असं तीनदा झालं. तिसरा निदान खरं बोलला. म्हणाला, तिकडून रात्री परतीची सवारी मिळत नाही, शंभर किलोमीटर रिकामी गाडी आणावी लागते, मला परवडत नाही. त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. टॅक्सीवाल्याकडे गेले तर त्याने जाऊन-येऊन दोन्हीकडचं भाडं धरून ५,२०० रुपये सांगितले. पुण्याहून नागपूरला येण्याचं एकाचं तिकीट त्याहून कमी होतं.

मेट्रो समोर वर्धा रोडवरून जाते हे माहीत होतं. पण ती रात्री दहापर्यंतच असते, आणि एअरपोर्ट नावाचं स्टेशन टर्मिनलला लागून नाही, किलोमीटरभराहून जास्त अंतर आहे. मामाजींना घेऊन, दोन बॅगा आणि बाळाच्या बारशाच्या लाडवांचा डबा घेऊन तेवढं चालणं शक्य नव्हतं. आणि सीताबर्डीला पोचून तरी काय करणार होतो? गणेशपेठेच्या एसटी स्थानकाहून वर्धेची गाडी मिळाली असती, पण मध्यरात्री वर्धेत उतरून पुढे जायचं कशाने?

म्हणून रात्र नागपुरात काढायची ठरवली. आणि तो आठवडा नेमका अधिवेशनाचा. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होतं. त्या दिवसांत मंत्री, आमदार, त्यांच्यासोबतची माणसं, मोर्चे घेऊन आलेले लोक असा अख्खा महाराष्ट्र नागपुरात उतरलेला असतो. आम्ही विदर्भातले असूनही हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. दोन लॉज भरलेले होते. तिसऱ्या ठिकाणी एक खोली मिळाली, ती तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, भाडं २,४०० रुपये. मामाजी एकेक पायरी चढत होते आणि प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीला हात टेकत होते. मी मागून त्यांच्या पाठीला हात देऊन चढत होते. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसले. तिकडे घरी यांनी ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी करून ठेवली होती. साडेअकराला फोन करून सांगितलं की आज येत नाही.

सकाळी गणेशपेठेला तर्रीपोहे खाल्ले आणि वर्धेची एसटी धरली. गावात शिरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पुण्याच्या घरातून निघाल्यापासून वीस तास. रेल्वेला याहून कमी लागतात.

घरी आल्यावर मामाजी तीन दिवस अंथरुणावर होते. चौथ्या दिवशी उठून बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “सूनबाई, आपून मेळच नाही पायला.”

मेळ हा त्यांच्या कामातला शब्द आहे. मामाजींनी तीस-बत्तीस वर्षं आमच्या गावचं पोस्ट सांभाळलं. घराच्या ओसरीतच टेबल, तराजू, तारखेचा शिक्का आणि थैली. त्या वेळी चिठ्ठी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत, दुसऱ्या गाडीतून तिसऱ्या माणसाच्या हातात अशी जायची. एक गाडी दुसरीला गाठून देते, त्याला मेळ म्हणायचं. रेल्वेतून थैली वर्ध्याला उतरायची, वर्धेहून एसटीत देवळीला, देवळीहून रनर सायकलवर आमच्या फाट्याने आत. रनरला दिवस मावळायच्या आत पोचता आलं पाहिजे, कारण मधे नाला होता आणि पावसाळ्यात त्याला पाणी असायचं. “म्हून थैली कवा सुटायची हे वर्ध्याचा साहेब नाही ठरवत, रनर ठरवते,” असं ते म्हणायचे.

आणि मग त्यांनी सोनेगावची गोष्ट सांगितली. त्यांना नोकरीच्या सुरुवातीला देवळीच्या एका जुन्या पोस्टमास्तरांनी सांगितलेली. नागपूरचा विमानतळ, ज्याला २००५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे, त्याला आमच्याकडचे म्हातारे लोक अजून सोनेगावच म्हणतात. १९४९ साली देशात रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्री ही चारही विमानं नागपुरात एकत्र यायची, कारण नागपूर चौघांच्या मधोमध. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला. मामाजी हे सांगताना हाताने हवेत चार रेघा ओढून मधे बोट टेकवत होते. “रात्री बारा वाजता चार विमानं सोनेगावले यकमेकाची वाट पायत. आन् आपून तिघं तिथीसा उभे होतो, आपली वाट पाहाले कोणीच नाही.”

त्यांचं हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पुढची फेरी त्यांनीच आखली.

मार्चमध्ये दीरांच्या घराची वास्तुशांत झाली आणि आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. परतीचं तिकीट काढायच्या आदल्या रात्री मामाजींनी माझ्याकडून पाठकोरा कागद मागून घेतला. वर लिहिलं, “मुक्कामी, वर्धा, ६.००.” त्याच्या खाली, “वर्ध्यात ५ च्या आत.” त्याच्या खाली, “गणेशपेठ २.३० च्या पुढे नाही.” त्याच्या खाली, “सोनेगाव १.१५ ला बाहेर.” आणि अगदी शेवटी, “विमान साडेबाराच्या आत उतरलं पायजे.” कागद दीरांच्या हातात दिला. रात्रीचं विमान तिघांचं मिळून दोनेक हजारांनी स्वस्त होतं. दीर म्हणाले, “बाबा, त्यात दोन हजार वाचतील.” मामाजी म्हणाले, “मांगच्या खेपीले लॉजवाल्याले कितीक देले, सूनबाईले इचार.” दीरांनी अकराच्या आधी निघणारं विमान काढलं.

दुसरा कागद उशिराचा. विमान फारच उशिरा आलं तर मुक्कामी चुकेल, पण वर्धेहून देवळीला त्यानंतरही गाड्या असतात. म्हणजे आम्ही देवळीपर्यंत एसटीने येऊ आणि तिथून गावातल्या एका मुलाची इको व्हॅन बोलवू. त्याला आदल्या दिवशीच फोन करून ठेवला, “गरज पडली तरच सांगीन, पण आठपर्यंत कोठी जाऊ नको बाबा.” त्याहूनही उशीर झाला तर नागपुरात मनीषनगरला माझी मावसबहीण आहे, तळमजल्यावर राहते. तिलाही कळवून ठेवलं. डिसेंबरात ती होतीच, पण रात्री दहाला दोन म्हातारी माणसं घेऊन न सांगता कोणाच्या दारात उभं राहायचा मला संकोच वाटला होता. आधी सांगून ठेवलं की तो संकोच राहत नाही.

सामानाचंही मामाजींनी ऐकवलं. विमानात एका माणसाला पंधरा किलोची बॅग चालते म्हणून आम्ही डिसेंबरात दोनच मोठ्या चाकांच्या बॅगा भरल्या होत्या. त्या विमानतळाच्या फरशीवर सुरेख पळतात, पण एसटीच्या पायऱ्यांवरून त्या चढवताना माझा खांदा भरून आला होता. या वेळी तीन लहान बॅगा केल्या. एसटीत त्या सीटखाली, पायाशी, वरच्या फळीवर कुठेही बसतात. औषधं, आधार कार्डं आणि पाण्याची बाटली माझ्या खांद्यावरच्या झोळीत. बाटली सुरक्षा तपासणीच्या आधी रिकामी केली आणि आतल्या नळावर भरून घेतली.

विमान दहा मिनिटं लवकरच उतरलं. पुन्हा व्हीलचेअर, पुन्हा दारापर्यंत. पण या वेळी बाहेर पडायच्या आधी मी दोघांनाही आतच स्वच्छतागृहात नेऊन आणलं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन प्रवास करणाऱ्यांना याचं महत्त्व मी सांगायला नको. पुढे वर्धेपर्यंत दोन तास बस मधे नीट थांबत नाही आणि संकोचाने ही माणसं पाणीच पीत नाहीत.

गाडी बोलावताना या वेळी गावाचं नाव टाकलं नाही, गणेशपेठ बसस्थानक टाकलं. लगेच आली. कारण उघड आहे. शहरातल्या शहरात आठ-नऊ किलोमीटरची सवारी असली की ड्रायव्हरला तिथे उतरवून लगेच दुसरी मिळते. लांबचा प्रवास असा तुकड्यांनी केला तर प्रत्येक तुकड्याला वाहन सापडतं. अख्ख्या प्रवासासाठी एकच वाहन शोधायला गेलं की ते मिळत नाही, आणि मिळालं तर रिकाम्या परतीचे पैसे आपल्या माथी येतात.

आता कोणी म्हणेल, की वर्धेची बस गणेशपेठेहून निघून वर्धा रोडनेच जाते, विमानतळावरून आठ किलोमीटर मागे जायचं आणि मग त्याच रस्त्याने पुन्हा पुढे यायचं, हा उलटा हेलपाटा कशाला? विमानतळ चौकात उभं राहून हात दाखवला तर? मी एकटी असते तर तेच केलं असतं. पण अजनीकडून येणाऱ्या गाड्या उड्डाणपुलावरून वेगात उतरतात, थांबतीलच असं नाही. आणि थांबली तरी आतापर्यंत ती भरलेली असते. मामाजींना खिडकीजवळची, मागच्या चाकाच्या पुढची सीट हवी, कारण मागे बसलं की प्रत्येक गतिरोधक त्यांच्या मणक्यात लागतो. ती सीट गणेशपेठेलाच मिळते. त्यासाठी आठ किलोमीटर मागे जायला माझी कधीच ना नाही.

मेट्रोबद्दलही सांगते, कारण नंतर जूनमध्ये मी एकटी पुण्याहून आले तेव्हा मेट्रोनेच गेले. वर्धा रोडवरची ही मार्गिका मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, खापरी ते सीताबर्डी. नंतर ती पुढे ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गेली. टर्मिनलपासून ऑटोने एअरपोर्ट स्टेशन, तिथून सीताबर्डी. स्टेशनात लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, डबा थंडगार, आणि छत्रपती चौकाजवळ खालून रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावरून आपली मेट्रो, अशी तिघांची एकावर एक चळत बघायला मिळते. सीताबर्डीला उतरून गणेशपेठेपर्यंत ऑटो. रेल्वेने जायचं असेल तर सीताबर्डीलाच गाडी बदलून नागपूर रेल्वे स्टेशनला जाता येतं. एकटा माणूस, एक बॅग, दिवसाची वेळ, याला मेट्रोसारखं दुसरं काही नाही. पण दोन ठिकाणी चढउतार वाढतात आणि मामाजींच्या बाबतीत प्रत्येक चढउतार मोजावा लागतो.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आमच्या भागातल्यांना माहीत असते, बाहेरच्यांना नसते. नागपूरहून येताना वर्धेच्या आधी सेवाग्राम स्टेशन लागतं. पूर्वी त्याला वर्धा पूर्व म्हणायचे. मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या पुढे वर्धा जंक्शनला जातात, पण बल्लारशाहकडे जाणाऱ्या सेवाग्रामहूनच वळतात. अशा गाडीने आलं की सेवाग्रामला उतरून ऑटो करून वर्धेच्या बसस्थानकावर यावं लागतं, आणि मुक्कामीला पंधरा मिनिटं राहिली असतील तर तेवढ्यात जीव वरखाली होतो.

तर गणेशपेठ. सव्वाला आम्ही पोचलो होतो, पावणेदोनची वर्धा गाडी लागलेली होती. मामाजींना पुढची सीट मिळाली. कंडक्टर आले तेव्हा मामाजींनी खिशातून आधार कार्ड काढलं. हेच कार्ड सकाळी पुण्याच्या विमानतळाच्या दारात सीआयएसएफच्या जवानाने तपासलं होतं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला एसटीत भाडं नाही. पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं, आणि मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्यांनाच अर्धं. म्हणजे मामाजी फुकट, आत्याबाई अर्धं, मी अर्धं. तिघांचं मिळून एका माणसाचं तिकीट. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “मांग पाच हजार मांगत होता थो.”

रस्ता ओळखीचा लागला की मामाजींचा चेहरा बदलतो. बुटीबोरीपर्यंत ते गप्प होते. तिथे आमची गाडी हैदराबादचा रस्ता सोडून वर्धेकडे वळली आणि ते बोलायला लागले. बुटीबोरीहून वर्धा, देवळी, यवतमाळ, नांदेड करत तुळजापूरला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग आता रुंद झाला आहे. त्यांनी तो एका गाडीपुरता डांबरी असताना पाहिलेला. केळझर आलं, आत्याबाईंनी बसल्या जागेवरून गणपतीला हात जोडले. सेलू गेलं. पवनारला धाम नदीचा पूल आला तेव्हा मामाजी म्हणाले, की विनोबांच्या आश्रमाला येणारं टपाल एवढं असायचं की त्याची वेगळी थैली यायची, असं जुने लोक सांगत. वर्धेच्या बसस्थानकात शिरलो तेव्हा चार वाजायचे होते.

तिथे दोन तास होते. हे दोन तास वाया गेले असं मला वाटत नाही. मामाजींना बाकावर आडवं होता आलं, आत्याबाईंनी शेजारणींसाठी गोरसपाकाची बिस्किटं घेऊन ठेवली, मी यांना फोन केला. आणि मुख्य म्हणजे मनावर ओझं नव्हतं. मधे एक गाडी बंद पडली असती तरी मागची धरून आम्ही सहाच्या आत आलो असतो. डिसेंबरात आमच्याकडे पाच मिनिटांचीही मोकळीक नव्हती, म्हणून एक तासाच्या उशिराने अख्खी रात्र गेली.

ज्यांच्याकडे पैसे आहेत किंवा ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांनी सरळ गावातली गाडी बोलवावी, हे मी मनापासून सांगते. आमच्या गावातला तो इकोवाला नागपूर विमानतळापर्यंत जाऊन-येऊन ३,००० रुपये घेतो. शहरातली टॅक्सी त्याच रस्त्याचे पाच हजार सांगते, कारण तिला परत जायचं असतं. गावच्या गाडीचं परतणं म्हणजेच आपलं घरी येणं. समृद्धी महामार्गाने यायचं तर नागपूरजवळ शिवमडक्याला चढायचं आणि वर्धेसाठी येळाकेळीला उतरायचं. रस्ता गुळगुळीत, धक्का नाही, टोल मात्र वेगळा. गाडीवाल्याला विमानतळात आत शिरून थांबायला सांगू नये, जास्त वेळ उभं राहिलं की पैसे लागतात. बाहेर वर्धा रोडला थांब, बॅग हातात आली की फोन करते, असं ठरवून घ्यावं. सासऱ्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन किंवा सुनेचं बाळंतपण असेल तर माझ्यासारखं कागदावर वेळा जुळवत बसू नये.

माझी नणंद नेरला असते, यवतमाळ जिल्ह्यात. तिचा मुलगा मुंबईला. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीचं बेलोरा विमानतळ सुरू झालं आणि तिने मला आनंदाने फोन केला होता. बडनेऱ्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरच बेलोरा आहे, तिला तर ते घराच्या वाटेवर पडतं. सुरुवातीला मुंबईचं विमान आठवड्यातून तीनच दिवस होतं, छोटं एटीआर. मुलगा त्या दिवशी रजा मिळते का ते बघून येतो, आणि मिळाली की त्याच दिवशी आईच्या हातचं जेवतो. आम्हाला पुण्याला जायचं असतं म्हणून ते आमच्या उपयोगाचं नाही, पण नेर, दारव्हा, नांदगावकडच्या माणसाला नागपूरची ओढाताण वाचली याचा मला फार आनंद झाला. आमच्या भागातली किती पोरं पुण्या-मुंबईला आहेत आणि किती आईबाप एकेका फेरीसाठी सहा-सहा महिने वाट पाहतात, हे मी रोज पाहते. विमानाने त्यांच्यातलं अंतर कमी झालं आहे. उरलेल्या शंभर किलोमीटरवर कोणाची तरी आणखी नजर पडली पाहिजे. विमान उतरायच्या वेळेला विमानतळाच्या दारातून वर्धा, यवतमाळ, हिंगणघाट, अमरावती अशा एसटी सुटल्या, तर किती म्हाताऱ्या माणसांचे जिने चढणं वाचेल.

सहाला मुक्कामी लागली. ड्रायव्हर ओळखीचे, कंडक्टरही. मामाजींना पाहून कंडक्टर म्हणाले, “पोस्टमास्तर, कोठून येऊन रायले?”

“पुण्यावून. इमानानं.”

“अरे बाप्पा! कवा निंगाले?”

“सकाळी आठाले.”

सावंगी गेलं, सेलसुरा गेलं, देवळीत निम्मी गाडी उतरली. फाट्यावर वळल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली वावरं होती आणि कुठेकुठे हरभऱ्याच्या गंजी. नाल्यावर आता पूल आहे. गाडी पारासमोर थांबली तेव्हा हे टॉर्च घेऊन उभे होते, सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मामाजी स्वतःच्या पायांनी उतरले, दांड्याला धरून, एकेक पायरी. उतरल्यावर त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टर दोघांनाही जेवायला घरी बोलावलं. मुक्कामीची माणसं ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, डबे सोबत आणलेले असतात, पण पोस्टमास्तरांना नाही म्हणवलं नाही. मी पिठलं टाकलं, भाकरी यांनी आधीच करून ठेवल्या होत्या. ताटं मांडून होईपर्यंत मामाजी भिंतीपाशी गेले, चष्मा लावला आणि कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात, थैली आल्याची वेळ लिहायचे तशा बारीक अक्षरात लिहिलं: “पुणे ८.००. घर ७.२०.”